काचेच्या नळीतली आई

आईच्या पायाची जखम भरायचं नाव घेत नव्हती. नव्या चपलेनं अंगठ्याशेजारी फोड आला, एवढंच निमित्त. पण शुगर वाढलेली, पायाला चटका-टोचणी कळत नव्हती. दोन बोटं काढावी लागली, तरी कडेची कातडी काळी पडत चालली होती. मी तिला पाथर्डीहून माझ्याकडे केडगावला घेऊन आले.

नगरमधले डॉक्टर म्हणाले, "औषधं चालूच राहतील. शिवाय दाबाखाली ऑक्सिजन देऊन बघू. जखमेपर्यंत जास्त ऑक्सिजन पोचतो. लागू पडला तर पाऊल वाचेल."

नाही पडला तर बोटांसारखं पाऊलही जाणार होतं.

ऑक्सिजन द्यायचं यंत्र म्हणजे माणूस आडवा मावेल एवढी जाड पारदर्शक नळी, एका टोकाला गोल दार. आई उंबऱ्यातच थबकली.

"ही तर मयताची पेटी हाय."

वडील गेले तेव्हा भाऊ ऊसतोडीला लांब होता. तो येईपर्यंत आम्ही त्यांना काचेच्या थंड पेटीत ठेवलं होतं. मलाही तेच आठवलं होतं, पण मी म्हणाले, "काहीतरीच काय आई, हे औषधाचं हाय."

तिथल्या सिस्टरनं आईच्या केसांना तेल नाही ना, ते पाहिलं, बांगड्या काढल्या, सुती कपडे दिले. "आत ठिणगी पडायला नको, म्हणून."

"ठिणगी? म्हंजे ह्ये पेटतं का काय?" आई माझ्याकडे बघत म्हणाली. "आत नुसता ऑक्सिजन असतो, म्हणून आधीच काळजी घ्यायची," सिस्टर म्हणाली.

दार लागलं. हवेचा सूं सूं आवाज सुरू झाला. थोड्या वेळानं आईनं कान धरला आणि मग दोन्ही हातांनी काचेवर मारायला लागली.

"उघडा! आधी दार उघडा!" मी ओरडले.

"एकदम नाही उघडता येत, ताई. आतला दाब हळूहळूच उतरवावा लागतो." सिस्टरनं दाब वाढवणं थांबवलं, दाबानं दडलेले कान कसे सोडवायचे ते मला सांगितलं आणि आतल्या माणसाशी बोलायचा फोन माझ्या हातात दिला.

माझी आई हातभर अंतरावर होती आणि मला तिला हात लावता येत नव्हता.

"आई, माझ्याकडं बघ. नाक दाब, तोंड मिट. आता नाकात हळू फुंकर मार."

मी स्वतः करून दाखवलं. ती रडत होती, पण तिनं नाक धरलं. एकदा, पुन्हा एकदा. मग तिचा चेहरा सैल झाला.

"सुटला कान," फोनमधून आवाज आला.

"बाहेर काढू का तुला?"

तिनं हातानं डोळे पुसले.

"नको. पन तू हितंच थांब. हलू नको."

मी काचेला हात टेकून उभी राहिले. नळीतून बाहेर काढली तेव्हा आईचा हात घामानं ओला होता. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

पुढं कितीतरी दिवस आम्ही जात राहिलो. आईला हळूहळू सवय झाली, मला झाली नाही. दार लागलं की दर वेळी मी काचेला हात टेकून उभी राहायचे. एके दिवशी पट्टी सोडली तर जखमेत तांबूस, ताजं मांस दिसलं. डॉक्टर म्हणाले, "पाऊल राहील असं वाटतंय."

पाऊल राहिलं. आई थोडी लंगडत चालते. रोज संध्याकाळी मी तिचा तळवा उजेडात धरून बघते, आणि लाल ठिपका दिसला तरी तिच्या चपलेत बोट फिरवून बघते.