लेकीचं कौतुक आणि माझी मान

हसणार नसाल तरच सांगतो राव, कारण माती मी भर दवाखान्यात, मोठ्या डॉक्टरांसमोर खाल्लीय.

आमची थोरली, स्नेहल. कॉम्प्युटर शिकलीय. पेशंट एमआरआयच्या मशीनमध्ये हलला की मेंदूचा फोटो पुसट येतो आणि गाठीची कड नीट दिसत नाही. असला बिघडलेला फोटो एआयनं साफ करायचा, हे तिचं काम. अख्ख्या मोशीत दुसरी अशी पोरगी दाखवा मला!

त्या दिवशी तिची परीक्षाच होती. डॉक्टरांना पटलं तरच तो प्रोग्रॅम खऱ्या पेशंटसाठी वापरणार. एका धडधाकट माणसाचा आधी स्थिर फोटो काढायचा, मग मुद्दाम हलवून दुसरा. दुसरा साफ होऊन पहिल्यासारखा दिसला की पास. मी म्हटलं, मीच येतो. चाकणला कंपनीत पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये जन्म गेला, मशीनच्या आवाजाला कोण भितो?

पहिल्या, स्थिर फोटोसाठी आत झोपलो. खटखट, घरघर, अगदी सेकंड शिफ्टला आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात हेडफोनमधून डॉक्टरांचा आवाज आला. बाहेर माईक चालू राहिला असणार. टेक्निशियनला सांगत होते, पोरगी फार हुशार आहे. आता बापाचं काळीज, काय करणार? मी मान डोलावली. म्हणाले, कष्टाळूही आहे. परत डोलावली. वडिलांवर गेली असेल म्हणाले, तेव्हा तर विचारूच नका.

बाहेर येऊन बघतो तर फोटोत मला दोन कपाळं आणि अडीच नाकं.

"काका, हललात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, सूतभर नाही." आपण कशाला कबूल होतोय?

डॉक्टर स्नेहलकडे वळले. "मग मशीनच बिघडलंय. तुमची परीक्षा आज राहू द्या."

पोरीचे डोळे भरले. मी पटकन पुढे झालो.

"डॉक्टर, हललो मी. तुम्ही हिचं कौतुक करत होतात ना, म्हणून दरवेळी मान डोलावली."

आधी डॉक्टरच हसले. म्हणाले, चला, हललेला फोटो आयताच मिळाला. स्नेहलनं तो साफ केला. मग माईक बंद करून मला परत आत घातलं आणि स्थिर फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवले तर रेघेला रेघ जुळली. पास! सोसायटीत घरोघरी पेढे वाटले मी.

आता प्रोग्रॅममध्ये काही नवीन केलं की तपासायला आधी मलाच बोलावतात. बाकीच्यांना कधी हलायचं, किती हलायचं, सगळं समजावून सांगावं लागतं. माझ्या वेळी टेक्निशियन फक्त माईक चालू करतो आणि म्हणतो, "काका, पोरगी लाखात एक आहे हं."