लेम्पीचं गिरमिट

लेम्पी मट्टिलाकडे एखादं भांडं भरून पाठवलं, तर ते त्याच संध्याकाळी परत यायचं. लख्ख घासलेलं आणि आत वेलदोड्याचा पाव घातलेलं. तिचा नवरा ओनी गेला तेव्हा गावाने तिच्या ओट्यावर भांड्यांची रांग लावली होती. आठवड्याभरात तिने सगळी पोचती केली आणि वर म्हणाली, "विधवा झालेय मी, पांगळी नाही."

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्म काढला. गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन वाढली. वाढताना तिचा हात सढळ, पण घ्यायची वेळ आली की तोच हात पाठीमागे. याचा सगळ्यात जास्त जाच झाला तो तिच्या दिराला, रेनोला. ती लग्न होऊन आली तेव्हा रेनो शेंबडा पोरगा होता. तिनेच त्याला मोठा केला म्हणा ना. भाऊ गेल्यापासून दर हिवाळ्यात तो फावडं घेऊन तिच्या अंगणात हजर व्हायचा, आणि ही साठी उलटलेली बाई शिडी लावून छपरावरचा बर्फ स्वतःच ढकलत असायची.

"वहिनी, उतरा खाली. पडलात म्हणजे?"

"पडले तर बर्फातच पडेन. तू आधी बाजूला हो, हे सगळं तुझ्या टाळक्यात येतंय."

शेवटी रेनोने विचारणंच सोडलं. मला त्याची कीव यायची आणि लेम्पीचा राग. माणसाने इतकं ताठ राहू नये.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या तळ्यावर नेहमीप्रमाणे मासे पकडायची स्पर्धा होती. आम्हा उत्तर मिनेसोटावाल्यांचा हिवाळा तेवढ्यावरच तर निघतो. गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहायचं. दुपारी भोंगा वाजेपर्यंत ज्याचा मासा सगळ्यात जड, त्याचं नाव गावच्या बंबखान्यातल्या लाकडी फळीवर रंगवतात. भोंगा माझ्याकडे असतो. त्या फळीवर मट्टिला हे नाव नाही. ओनी जन्मभर बसला, पण त्याला काही ते जमलं नाही. ते त्याचं राहिलेलं लेम्पीने मनावर घेतलं होतं. त्याचंच जुनं हातगिरमिट घेऊन ती यायची. त्याने पडणारं भोक जेमतेम बशीएवढं. वरचा चुरा काढायला शाळेतला झारा.

"लेम्पी, एवढ्याशा भोकातून मासा येणार की त्याची शेपटी?" मी सकाळी म्हणालो.

"तुझं तोंड त्याच्याहून मोठं आहे. तेवढं मिट."

भोंग्याला थोडा वेळ राहिला असताना तिच्या गळाला हिसका बसला. ती उठली, आणि दोरी कधी ओढत, कधी सोडत राहिली. बघता बघता सगळं गाव भोवती जमलं. अखेर भोकाच्या तळाशी पाइक माशाचा चपटा जबडा दिसला आणि तिथेच अडकला. डोकं भोकाहून मोठं! असला पाइक मी या तळ्यात कधी पाहिला नव्हता. लेम्पीने तो खाली सोडला, पुन्हा ओढला, तिरका करून पाहिला. काही केल्या येईना.

रेनो घोळक्यात मागे उभा होता. खांद्यावर मोटरचं भलंथोरलं गिरमिट. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, पण तो जागचा हलला नाही.

"दुसऱ्याने भोक मोठं करून दिलं तर चालतं का?" कुणीतरी मला विचारलं.

"दोरीला दुसऱ्याने हात लावायचा नाही, एवढाच नियम," मी मोठ्याने म्हणालो. "भोकाचं काही म्हटलेलं नाही."

लेम्पी दोरी धरून गुडघ्यांवर बसली होती. तिने माझं ऐकलं होतं. तिने दोरी आणखी एकदा ओढून पाहिली. मग मान न वळवता म्हणाली, "रेनो."

"काय, वहिनी?"

"भोक मोठं करून दे."

रेनो असा धावला की टोपी पडल्याचंही त्याला कळलं नाही. त्याने लगतच दुसरं भोक पाडलं आणि मधली भिंत फोडायला पहार घेतली. लेम्पीने मासा खोल सोडला आणि दोरी पलीकडच्या कडेला दाबून धरली.

"हळू रे."

"हळूच करतोय, वहिनी."

भिंत फुटत आली. शेवटचा टवका राहिला होता. त्याच्यावर घाव घालताना पहार सटकली, आणि दोरी तुटली.

लेम्पीच्या मुठीतून दोरीचा तुकडा लोंबत होता. रेनो पहार तशीच धरून बसला होता. पन्नाशी उलटलेला बाप्या, पण तोंड मार खाल्लेल्या पोरासारखं झालेलं. "वहिनी, मी..." मी हबकलो. मासा गेला म्हणून नव्हे. ही बाई आता मरेपर्यंत कुणाकडे काही मागणार नाही म्हणून. मी भोंगा वाजवला. वेळ झाली होती आणि दुसरं काही सुचतही नव्हतं.

लेम्पीने झाऱ्याने भोकातला चुरा काढला, उगाचच. मग आत डोकावून पाहिलं.

"ओनी असता तर त्याने तुला ढकललं असतं यात," ती म्हणाली. "आणि आता तू मावशीलही."

रेनोला हसावं की रडावं कळेना. लेम्पीने त्याच्यापुढे हात केला. बसून बसून तिचे गुडघे धरले होते. त्याने तिला दोन्ही हातांनी उठवलं, आणि ती उठली तरी हात सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "छपरावर बर्फ साचलाय. फावडं आण. पहार घरीच ठेव."