हनुवटीवरचा वळ

डॉ. शरयूबाई निंबाळे यांच्या रावपुऱ्यातल्या दवाखान्यात मी प्रथम गेले ती दंतवैद्यकाची नवी पदवी आणि भरपूर तोरा घेऊन. बाईंनी एवढंच विचारलं, "मुलांशी बोलता येतं का?" मी म्हटलं, येतं. कसलं येत होतं, डोंबल!

बडोद्यात बाईंचं नाव झालं ते वाढत्या मुलांच्या जबड्यांवरच्या उपचारांनी. वरचा जबडा मागे राहिलेल्या मुलाला त्या चेहऱ्यावर लावायचा मास्क देतात. कपाळाला आणि हनुवटीला टेकू, आणि रबरांनी वरचा जबडा पुढे ओढायचा, घरी रोज बारा-चौदा तास. हाडं वाढती आहेत तोवरच हे जमतं. ते वय निसटलं की बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं.

बडोद्याच्याच समा भागातून नऊ वर्षांची हेतल यायची. सहा महिने झाले तरी तिचा जबडा जागचा हलेना. मास्क लावल्याच्या तासांच्या वहीत मात्र आईने रोजचे चौदा तास लिहिलेले. मी सगळ्यांदेखत पोरीला फैलावर घेतलं, "आईला खोटं सांगतेस?" ती मान खाली घालून रडू लागली.

बाई आतून आल्या. हेतलच्या हनुवटीवरच्या लाल वळावरून त्यांनी बोट फिरवलं. "मास्क न लावता हा वळ उठत नाही," एवढंच मला म्हणाल्या. मग तिची रबरं ताण मोजायच्या काट्याला लावून पाहिली. काटा जेमतेम हलला. दात सरकवायची हलकी रबरं मी जबड्यासाठी देत आले होते.

बाईंनी तिच्या आईला सांगितलं, "बेन, भूल अमारी छे, छोकरीनी नथी." चूक आमची, पोरीची नाही. हेतलचीही माफी मागितली. माझं नाव कुठेच घेतलं नाही. संध्याकाळी मला म्हणाल्या, "तुझ्या वाटची माफी मी मागू शकत नाही. ती तूच माग."

मोठ्या ताणाची रबरं लावल्यावर जबडा पुढे आला. तरी खालचा जबडा वाढून पुन्हा पुढे जातो का, हे त्याची वाढ थांबेपर्यंत बाई दरवर्षी तिला बोलावून पाहत राहिल्या. शस्त्रक्रिया टळली.

मी मात्र माफी मागितलीच नाही. आधी लाज वाटली, मग वर्षं गेली. बाईंच्या पंच्याहत्तरीचा हा लेख लिहायला बसले आणि पुढे लिहवेना. समाला गेले, माफी मागितली. संसारी झालेली हेतल ऐकून हसली. "शरयूबेने तो त्यारे ज कह्युं हतुं, तमे आवशो." मी येईन, हे बाईंनी तिला तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आमच्यासारख्या उशिरा येणाऱ्यांची वाट पाहायला त्या हव्यात.