हिराताईच्या पोरींची मोजणी

सकाळी धरणाकाठच्या एका कॅम्पवर पाहुण्यांसाठी पोहे-चहा करायचा आणि संध्याकाळी विहारामागच्या मैदानावर पोरींना कबड्डी शिकवायची, असा हिराचा गेल्या चार वर्षांचा दिवस. पोह्यांचा पगार कॅम्पवाला देतो, कबड्डीचं मानधन पुण्याची एक संस्था देते. यातल्या कशात तिचा जीव अडकलाय असं विचाराल, तर पवनानगरातलं शेंबडं पोरही सांगेल.

त्या दिवशी मात्र पाहुण्यांच्या पोह्यांत दोनदा मीठ पडलं. हिराचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. संस्थेची मावळात तीन केंद्रं, कार्ल्याला एक, भुशीला एक आणि हे पवनानगरचं. यंदा देणगीदारांनी हात आखडता घेतला होता. दोनच केंद्रं राहणार होती. कुठली, ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीत ठरणार होतं, आणि ठरणार होतं ते खेळामुळे पोरींच्या आयुष्यात काय फरक पडला ते मोजून. ते मोजायला पुण्याहून बाई यायची होती.

हिराला हे मोजणं पहिल्यापासून खटकत होतं. हिचा आवाज वाढला, ती आता मान वर करून बोलते, हे का तराजूत घालून दिसणार आहे? पण बोलते कुणाला! मागच्या वर्षी पवनानगर तिन्ही केंद्रांत पहिलं आलं होतं, तेव्हा हेच मोजणं तिला फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं. माणूस आहे, चालायचंच.

बाई पुण्याहून लोणावळ्याला उतरली आणि तिथून आली ती सुहाससोबत, त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून. सुहास हा संस्थेचा इथला समन्वयक, मनाने चांगला, पण साहेबाचा फोन आला की उभं राहून बोलणारा. बाईचं नाव अमृता. वय तिशीच्या आतबाहेर, पायात धुळीने माखलेले बूट, बोलणं हळू. हिराने पुढे केलेली खुर्ची तिने बाजूला सरकवली आणि मैदानाच्या कडेला मातीतच बसली. हिराला ते आवडलं आणि धास्तीही वाटली. खुर्चीत बसणारे लोक लवकर उठतात.

रीत मागच्या वर्षीचीच होती. पोरींनी मध्यरेषेच्या अलीकडे उभं राहायचं. अमृता प्रश्न विचारणार. उत्तर हो असेल तर रेषा ओलांडून पलीकडे जायचं, नाही असेल तर जागेवर थांबायचं.

"खेळायला लागल्यापासून तुम्हाला स्वतःवर जास्त भरवसा वाटतो का?"

साऱ्या पोरींनी झटकन एकमेकींचे हात धरले आणि कोपऱ्यातल्या तेजलच्या मागोमाग एका झपाट्यात रेषेपार गेल्या. पकड करताना अशीच साखळी धरायची असते. हात सोडायचा नाही, कोपऱ्यातली हलली की सगळ्यांनी हलायचं. हे हिराने त्यांच्या अंगात इतकं भिनवलं होतं की त्या बाजाराला गेल्या तरी तशाच चालत. पुढचा प्रश्न झाला, त्याच्या पुढचा झाला. दरवेळी साखळी गेली, साखळी आली.

"बगा कशा शिकवल्यात," हिरा म्हणाली. "एक पाऊल इकडंतिकडं व्हत न्हाई."

"मागच्या वर्षीही असंच झालं होतं?" अमृताने विचारलं.

"व्हय तर! समद्या प्रश्नांना समद्या पलीकडं."

अमृता म्हणाली, "ताई, मग मागच्या वर्षी आम्ही कोपऱ्यातल्या त्या एकट्या मुलीलाच मोजलं. बाकीच्या मुली आम्ही मोजल्याच नाहीत."

सुहासचा चेहरा पडला. अमृता उठली आणि पोरींना म्हणाली, "आता हात सोडा. लांब लांब उभ्या राहा. डोळे मिटा. दुसरी काय करते ते बघायचं नाही."

हात सुटल्यावर पोरी एकदम लहान दिसायला लागल्या. कुणी ओढणीचं टोक धरलं, कुणी नखं खायला लागलं.

"घरात तुमचं म्हणणं कोणी ऐकतं का?"

समरीन तरातरा पलीकडे गेली. अकरावीला लोणावळ्याच्या कॉलेजात जायचं तिने नुकतंच वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. चैताली गेली, आणखी काही गेल्या. बाकीच्या थांबल्या. थांबलेल्यांतल्या एकेकीकडे हिरा बघत राहिली. या पोरींची घरं तिला माहीत होती, आयांशी रोजचं बोलणं होतं, तरी यातलं काही तिच्या कानावर आलं नव्हतं. सुहास बोटांवर काहीतरी हिशेब करत होता. "अजून वाचतो आपण," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "शेवटचा प्रश्न आपलाच आहे."

शेवटचा प्रश्न प्रशिक्षकाबद्दल होता. इथे हिराला काळजी नव्हती. पोरींसाठी ती पदरमोड करायची, पावसाळ्यात त्यांना घरापर्यंत सोडायची. अख्ख्या केंद्राची मदार आता तिच्यावर आली होती आणि तिला ते बरंच वाटलं.

"खेळताना लागलं, दुखलं, तर तुम्ही हिराताईंना सांगता का?"

एकही पोर हलली नाही.

"ऐकू न्हाई गेलं वाटतं," हिरा म्हणाली. "परत इचारा."

अमृताने परत विचारलं, या वेळी मोठ्याने. एका पोरीचं पाऊल उचललं, घुटमळलं आणि होतं तिथेच टेकलं.

आणि तेव्हा हिराला तेजल दिसली. रोज दिसायची, पण आज उभी दिसली. डोळे मिटलेले, सगळा भार डाव्या पायावर, उजवी टाच जमिनीला नावापुरती टेकलेली. पोरगी उजव्या पायावर उभीच राहत नव्हती.

सुहासने हिराला बाजूला घेतलं. "ताई, हा मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. इथे शून्य आलं तर केंद्र गेलं. उद्या बैठकीत मी काही करू शकणार नाही." मग तो अमृताकडे वळला. "मॅडम, मुलींना प्रश्न कळला नसेल. डोळे उघडून, नेहमीसारखं पुन्हा घेता येईल ना?"

"प्रश्न कळला नाही असं प्रशिक्षकांना वाटलं, तर पुन्हा घ्यायची मुभा आहे," अमृता म्हणाली. "ते ताईंनी सांगायचं."

म्हणजे एका शब्दाचं काम होतं. 'धरा गं हात' म्हटलं असतं तर साखळी झाली असती, तेजल हलली असती, सगळ्या पलीकडे गेल्या असत्या. केंद्र राहिलं असतं. हिराच्या ओठांवर तो शब्द आलाही होता.

पण तिला तिचीच गोष्ट आठवली. दर नव्या पोरीला ती ही गोष्ट सांगायची. एकोणीस वर्षांची असताना जिल्ह्याच्या सामन्यात तिचा गुडघा फिरला. कुणाला पत्ता लागू दिला नाही, तशीच खेळली, सामना जिंकला. "तोंडातून चकार शब्द काढला न्हाई मी," असं ती छाती पुढे काढून सांगायची आणि पोरी टाळ्या वाजवायच्या. त्यानंतर ती पुन्हा कधी मैदानात उतरू शकली नाही, हे मात्र ती नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळी व्हायची. पोरींनी गोष्टीतलं नेमकं घ्यायचं ते घेतलं होतं. हिराला स्वतःचाच राग आला.

ती तेजलसमोर जाऊन उभी राहिली. "डोळं उघड. पाय कंदीपासनं दुखतोय?"

"न्हाई ताई," तेजल हसून म्हणाली. "कायबी न्हाई."

काय सफाईदार हसली! हिराला ते हसू ओळखीचं होतं. तिचंच होतं ते.

"मांडी घालून बस."

तेजल खाली वाकली. गुडघा अर्ध्यातच अडकला. तिने हाताने तो दुमडायचा प्रयत्न केला आणि ओठ दाताखाली दाबले. बाकीच्या पोरींनी न सांगता डोळे उघडले होते.

"ताई, शनवारी मॅच हाय," तेजल घाईने बोलायला लागली. "तेवडी खेळते. मंग दावते डाक्टरला. तुमी बी खेळला व्हता की!"

"लय मोठी चूक केली व्हती मी," हिरा म्हणाली. "तू न्हाई खेळायचं."

मग तिने मागे वळून अमृताला सांगितलं, "शून्य लिवा बाई. प्रश्न पोरींना बराबर कळलाय."

सुहासने कपाळावर हात मारून घेतला. अमृताने लगेच काही लिहिलं नाही. "आज इथे पुढे काय झालं तेही मी लिहीन," ती म्हणाली. "पण बैठकीत आकडेच आधी बघतात, ताई. खोटं कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी हिराने कॅम्पवर सुट्टी टाकली आणि तेजलला घेऊन लोणावळ्याला हाडांच्या डॉक्टरकडे गेली. दवाखान्यात गर्दी होती. तेजल बाकाच्या पार टोकाला जाऊन बसली होती. तिला शनिवारची मॅच गेल्याचा राग होता. दुपारी सुहासचा फोन आला.

"ताई, कार्ला राहिलं. भुशी राहिलं," एवढंच म्हणून तो थांबला.

"बरं," हिरा म्हणाली. तिने फोन पिशवीत ठेवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. तेजलने विचारलं, "काय झालं ताई?" उत्तर द्यायच्या आत आतून तेजलच्या नावाचा पुकारा झाला.

डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवलं. एका हाताने टाच धरली, दुसऱ्या हाताचा अंगठा गुडघ्याच्या वाटीशेजारी दाबला. "इथे दुखतं?"

तेजलने मान वळवून आधी हिराकडे पाहिलं.

"माज्याकडं बगू नगं," हिरा म्हणाली. "मी भाईर बसते."

ती बाहेर आली आणि दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आत डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मग तेजल किंचाळली.

"व्हय! दुखतंय! लय दुखतंय!"