घरचं माप

चारुलता रागीट आहे, हे कळसाडीत कोणाला विचारायची गरज नाही. ती कोरीटची लेक, नंदुरबारच्या बाजारात माल तोलणाऱ्या सुपडू मापाड्याची. लग्न होऊन आली त्याच वर्षी उपसा सिंचनाच्या पंपघरावर पाण्याच्या बारीवरून, म्हणजे पाळीवरून, दोन भाऊबंदांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि या नव्या सुनेने कोणाला न विचारता कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहून काढला. विजेचे तास आणि शेतकऱ्यांची यादी घातली की कोणाचं पाणी कधी, त्याचा कागद निघे. नाव ठेवलं ‘बारी’. बी.एस्सी.ची पदवी मी फळीवर मांडायला आणलेली नाही, असं ती सासरी तोंडावर सांगे.

‘बारी’ तिने ओपन सोर्स ठेवलं. म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, आतला कोड उघडून बघावा, सुधारणा सुचवावी. सुचवलेला बदल तपासून आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवतात ते मेंटेनर. सहा वर्षांत चाळीसेक गावं ‘बारी’वर चालू लागली, पण मेंटेनर दोनच राहिले. एक चारुलता, दुसरा शहाद्यात मोटरपंपांचं दुकान चालवणारा नमन, केवलचंद शेठजींचा मुलगा. गिऱ्हाइकाला बेअरिंग दाखवता दाखवता तो कोड तपासायचा, आणि चांगला तपासायचा. दर महिन्याला मात्र त्याचं एकच टुमणं असे, की ताई, मेंटेनरांचे नियम एकदा लिहून ठेवू. तिला त्याचाच राग यायचा. नियम तिच्या डोक्यात होते आणि डोकं जागेवर होतं; मग लिहायचं कशाला?

यंदा वैशाखात भरदुपारी भिला तिच्या दारात येऊन उभा राहिला. भिलाचं शेत पाइपाच्या अगदी शेवटच्या टोकाला, त्यात दीड एकर पपई. अंगाची लाही करणारं ऊन, आणि पपईला बारा दिवस पाण्याचा थेंब नाही. पंपघराच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर त्याचं नावच आलं नव्हतं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण कागद कॉम्प्युटरचा होता, आणि कॉम्प्युटर चुकत नाही हे याच बाईने सहा वर्षं गावाला ठणकावून सांगितलं होतं. म्हणून बिचारा बारा दिवस गप्प बसला.

“मन्हं नाव काढं ते काढं, वहिनी,” तो म्हणाला, “पन काबर काढं, तेवढं सांगा.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी तिने पंपचालकाला फोन करून आपल्या घरची बारी थांबवली आणि भिलाचं पाणी सोडायला लावलं. एवढं तिने चोख केलं. पण राग उरला होता, आणि उरलेल्या रागाला माणूस हवा असतो. चाळीस गावांचे पंपचालक वाचतात त्या ग्रुपवर तिने लिहिलं, की नमनने न तपासता बदल आत घेतला आणि टोकाच्या शेतकऱ्याचं पाणी तोडलं. दुकानात पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने शेतीच्या वाटेला जाऊ नये.

नमनचं उत्तर दोन ओळींचं आलं. नोंद बघा, ताई. त्याखाली त्याने लिहिलं, की सोमवारपासून तो मेंटेनर राहणार नाही.

कोडच्या प्रत्येक बदलामागे नोंद असते. लिहिला कोणी, तपासून मंजूर केला कोणी. तिने ती तणतणतच उघडली. विजेचं वेळापत्रक बदललं त्या दिवशीचा बदल होता. विजेचा एक दिवस कमी झाला, की यादीतलं शेवटचं नाव गळत होतं. लिहिणारी चारुलता. मंजूर करणारीही चारुलता. घाईत तिने नमनला विचारलं नव्हतं. तपासलं काय होतं, तेही तिला आठवलं. आपल्या घरची बारी बरोबर वारी, बरोबर वेळी आलेली पाहिली होती, आणि झालं म्हणून हात झटकले होते.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या याच.

तिच्या लहानपणी एकदा घरच्या मिरचीची पोती नंदुरबारच्या बाजारात आली, तेव्हा काट्यावर बाप स्वतः होता. तो खाली उतरला आणि नवलसिंग मापाड्याला हाक मारली. नवलसिंगचा हात कडक; वजन कमीच भरलं, आणि आई दोन दिवस बापाशी बोलली नाही. बाप म्हणाला होता, “घरनं माप घरना मानूसनी करानं नही. काटा खरा ऱ्हास, डोया खोटा पडस.” आपल्या मालापुढे डोळा चुकतो, ही गोष्ट चारुलता आजवर मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना ऐकवत आली होती. आता तिला स्वतःचीच इतकी चीड आली, की बापाला फोन करायचीही लाज वाटली.

ती नियम लिहायला बसली, बटणं बडवत. मेंटेनर कितीही जुना असो, आपला बदल आपण मंजूर करायचा नाही. तपासताना आपल्या शेताची ओळ बघायची नाही. शेवटची ओळ आधी बघायची. कागद चुकू शकतो, हे प्रत्येक कागदावर छापायचं. खाली दाखला दिला, की एकदा एका मेंटेनरने स्वतःचा बदल स्वतःच मंजूर केला आणि एका शेतकऱ्याचं पाणी बारा दिवस तुटलं.

मंजुरीचं बटण समोरच होतं, आणि प्रकल्प तिचा होता. तिने ते दाबलं नाही. नियमावली नमनकडे तपासायला पाठवली आणि सोबत त्याला एकट्याला निरोप धाडला, की माझं चुकलं.

रविवारी सकाळी नियमावली परत आली. बाकी सगळं त्याला पटलं होतं. दाखल्यापाशी त्याने लिहिलं होतं, “‘एका मेंटेनरने’ म्हणजे कोणी? चाळीस गावांत माझं नाव घेतलंत, तेव्हा ‘एका’ म्हणाला नव्हतात.”

तिने लॅपटॉप आदळून मिटला. दुकानदाराची ही हिंमत, म्हणून घरभर भांडी आपटली. कोणी समोर आलं नाही. मग तिने लॅपटॉप पुन्हा उघडला आणि ‘एका मेंटेनरने’ खोडून तिथे स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट. ‘एका शेतकऱ्या’च्या जागी भिलाचं नाव घातलं आणि पुन्हा पाठवलं. नमनने पाच मिनिटांत मंजूर केलं. सोमवारी तो मेंटेनर राहणार की नाही, याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. नियमावली मात्र तिने त्याच ग्रुपवर टाकली.

मग तिने ते पान छापलं आणि स्वतः जाऊन पंपघराच्या दारावर, बारीच्या कागदाशेजारी चिकटवलं. भिला तिथेच होता. त्याने एकेक शब्द लावत सगळं वाचलं.

“म्हंजे कॉम्प्युटरनी नही काढं,” तो म्हणाला.

“नही,” ती म्हणाली. “मी काढं.”

भिलाने मान हलवली, आणि शेजारच्या कागदावर बोट ठेवून यादीची शेवटची ओळ शोधू लागला.