काकूंच्या मिक्सरचा प्लग

"मॅडम, एमसीबीचे खटके बत्तीस आहेत. टॉप प्लग एकही नाही!"

माझा मदतनीस महादेवू, त्याचं डोकं व्हॅनमध्ये होतं आणि आवाज सगळ्या गल्लीत. मैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्या घरात जाधवकाका ऑक्सिजनवर होते. मशीन घरच्या विजेवर चालणारं, आणि मीटरजवळची वायर जळून घराची वीज बंद. काकांना छोटा सिलिंडर लावला होता. त्याचा काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता.

शेजारच्या घरातून तात्पुरती लाइन ओढायची, मशीन सुरू करायचं, मग दुरुस्ती. साधं काम. वायरची अख्खी कॉइल होती. तिच्या टोकाला लावायचा तीन पिनांचा प्लग, म्हणजे टॉप प्लग, तेवढा नव्हता.

शेवटी महादेवूने काकूंच्या मिक्सरचा प्लग कापला आणि आमच्या वायरला जोडला. मशीन सुरू झालं तेव्हा काटा लाल पट्ट्यात शिरला होता.

काकूंची तिसरी पिढी मैसूरमध्ये, मराठीत कन्नड मिसळूनच बोलायच्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नोड, बघ वैशाली," त्या म्हणाल्या, "गाडी एवढी मोठी, अल्लवा? प्लग मात्र माझ्या मिक्सरचा."

ती गाडी म्हणजे माझा जीव की प्राण. येलवालकडच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं कंट्रोल पॅनेल बनवले. नोकरी सोडून घरगुती दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा बन्नीमंटपच्या फॅब्रिकेटरकडून व्हॅनमध्ये चोवीस ड्रॉवर करून घेतले. प्रत्येकाला कोड नंबर. यादी लॅपटॉपवर. महादेवू पंधरा वर्षं स्कूटरवर एक खाकी पिशवी टांगून घरोघरी जायचा. पहिल्याच दिवशी मी त्याला ऐटीत सांगितलं होतं, "ही कळकट पिशवी आता घरी ठेव."

टॉप प्लग त्या पिशवीत होता. दोन होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या मिक्सरला नवा प्लग बसवून आले आणि महादेवूला म्हटलं, "पिशवी आण."

त्याने ती टेबलावर उलटी केली. टाल्कम पावडरचा डबा, रबरी तळाच्या मोज्यांचा जोड, करवतीचं तुटकं पातं, गीझरची रबरी वॉशरं. मी वही घेऊन बसले.

"पावडर कशाला?"

"पाइपात वायर अडकते ना मॅडम. पावडर लावली की सरकते."

"मोजे?"

"देवघराच्या पलीकडे बोर्ड असला की चपला काढायच्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून विजेचं काम करू मी?"

एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. हा माणूस वस्तूचं नाव सांगतच नव्हता. प्रत्येक वस्तूबरोबर तो कुणाची तरी तक्रार सांगत होता. "हे? फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, त्याला." "हे पंखा टकटक करतो त्याला."

मी लॅपटॉप बंद केला. दोन दिवस खपून आम्ही सगळे ड्रॉवर रिकामे केले आणि तक्रारीप्रमाणे भरले. एका तक्रारीला लागेल ते सगळं एकाच ड्रॉवरमध्ये. बाहेर कोड नाही, लोक फोनवर बोलतात ते वाक्य. वर महादेवूचं कन्नड, खाली माझं मराठी. दाराच्या आतल्या हुकाला तीस मीटरची एक्स्टेन्शन, एका टोकाला प्लग, दुसऱ्याला सॉकेट.

महिन्याभरात पुन्हा काकूंचा फोन. "वैशाली, बेगा, लवकर ये! गीझर लावला आणि धप्पकन सगळं गेलं. यांचं मशीन पण!"

आम्ही पोचलो तेव्हा काकू फाटकातच उभ्या होत्या. "मिक्सर कपाटात घालून कुलूप लावलंय हं."

मी हुकावरची एक्स्टेन्शन काढली आणि शेजारच्यांच्या खिडकीतून काकांच्या खोलीत आणली. काकांचं मशीन घुर्रर्र करून सुरू झालं. सिलिंडरचा काटा अजून हिरव्यात होता.

मग महादेवूने 'गीझर लावला की सगळं बंद' हा ड्रॉवर उपसून थेट घरात आणला. ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, काही केल्या वर राहीना. गीझरचा प्लग वितळून सॉकेटमध्ये चिकटला होता. महादेवूने मेन बंद करून सॉकेटच्या वायरी सोडवल्या. मेन लावलं, खटका वर टिकला, घर उजळलं. गीझरचं एलिमेंट फुटलेलं निघालं. नवं एलिमेंट, वॉशर, सॉकेट आणि टॉप प्लग, सगळं त्याच ड्रॉवरमधून आलं. एकदाही कुणी दुकानात गेलं नाही. महादेवू काम करताना चक्क शीळ घालत होता, आणि मला इतका आनंद झाला होता की मी त्याला दटावलंही नाही.

काकू व्हॅनपाशी येऊन एकेक ड्रॉवर वाचू लागल्या.

"अय्यो, यातलं आमच्याकडे अजून काय काय व्हायचं राहिलंय?"

"चोवीसातले आठच ड्रॉवर उरलेत, काकू."

सामान नीट लावून ठेवायला मी वीस वर्षं शिकले. ते कधी लागतं हे त्या कळकट पिशवीला माहीत होतं. पिशवी आता ड्रायव्हरच्या सीटमागे टांगलेली असते, भरलेली.

आम्ही हात धूत होतो तेव्हा आत कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने काकांच्या मशीनच्या घुरघुरीत मिक्सरचा खडखडाट मिसळला. काकू आमच्यासाठी चटणी वाटत होत्या.