ज्वारीत पुरलेल्या गोळ्या

प्रमिलाबाई आमच्या गल्लीतल्या आशाताई. धुळ्याजवळच्या या गावात अकरा वर्षं त्यांनी बायकांना पाळणा लांबवायच्या गोळ्या वाटल्या आणि कुणाचं नाव कधी फुटू दिलं नाही.

मग स्टँडवरच्या मेडिकलवर धाड पडली. चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या गोळ्या विकल्या म्हणून दुकानाला सील लागलं. त्याच आठवड्यात मोबाइलवर व्हिडिओ फिरला. परदेशातला होता, पण खाली मराठीत लिहिलेलं: गर्भ पहिल्या दिवसापासून कायद्याने माणूस, गोळी देणारीवर खुनाचा गुन्हा. खरं-खोटं कोण बघतो! मीही तो चौघींना पाठवला, त्या चौघींत प्रमिलाबाई होत्या.

त्यांचं धाबं दणाणलं. पिशवीतल्या सगळ्या गोळ्या त्यांनी ज्वारीच्या कोठीत तळाला पुरल्या. बाहेर मोटारसायकल थांबली तरी पोलीस आले असं त्यांना वाटायचं.

अशातच समोरची दिपमाला आली. दोन मुली, दोन्ही वेळा पोट फाडून. तिसरं राहिलं तर जीवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण मुलगा झाल्याशिवाय मूल बंद करायचं ऑपरेशन नाही, हा तिच्या सासूचा, भागाबाईचा हट्ट.

"आक्का, ती बहात्तर तासनी गोई दे ना. मी मरी जासू."

"संपनी, बाई. वरथीन उनीच नही." वरून पुरवठाच आला नाही, असं प्रमिलाबाईंनी कोठीकडे पाठ करून सांगितलं.

पाचव्या दिवशी दवाखान्यात बैठक होती. प्रमिलाबाईंनी भीत भीत त्या व्हिडिओतल्या कायद्याबद्दल विचारलं. मोहिनी सिस्टर चिडल्याच. "अहो, आपल्याकडे असा कायदा नाही. आणि ही गोळी पोट पाडायची नाहीच, राहू नये म्हणून संबंधानंतर तीन दिवसांत घ्यायची आहे. सरकारच देतं ना तुम्हाला?"

त्या धावत घरी आल्या. कोठी उपसताना त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि मीही ज्वारी उपसू लागले. गोळ्या सापडल्या, पण बहात्तर तास कधीच उलटले होते.

त्यानंतर आम्ही दोघी रोज सकाळी नळावर नजर लावून बसायचो. भागाबाईच्या घरी अजून विटाळ पाळतात. बाजूला बसलेली सून हंड्याला हात लावत नाही. दिपमाला एक दिवस पाण्याला येऊ नये, एवढंच मागत होतो. ती आली. दुसऱ्या दिवशी आली. तारीख उलटून आठ दिवस झाले, तरी डोक्यावर हंडा घेऊन ती येतच राहिली.

काल तिने हंडा आमच्या ओट्यावर टेकवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आक्का, ती तपासानी पट्टी तरी शे का तुन्हाकडे? का तीबी संपनी?"

प्रमिलाबाईंनी पिशवीत हात घातला. दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी हाताला लागली होती, पण हात काही बाहेर येईना.